चार बाय तीनची काच आणि दोन इंजिनं

टिचकीशेठ आणि शेठाणी यांची पहिली भेट झाली तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून बाजारातल्या चौदा दुकानांची शटरं आपोआप खाली आली, चौकातला वाहतूक पोलीस दोन्ही हात वर करून उभा राहिला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच होता, आणि समोरच्या दवाखान्यात तीन महिने अंथरुणाला खिळलेले एक आजोबा उठून चालत घरी गेले. निदान शेठाणींचे वडील तरी असंच सांगत. ते चपलाबुटांचे व्यापारी होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट एक नंबर मोठी देण्याची त्यांना सवय होती.

झालं होतं ते एवढंच. त्या काळी शेठाणी शेठाणी नव्हत्या, या व्यापाऱ्याच्या थोरल्या कन्या होत्या. आणि शेठ तर कोणीच नव्हते. काच बसवायला आलेला एक काटकुळा तरुण, इतकीच त्यांची ओळख. त्यांनी दुकानाला नवी दर्शनी काच बसवली आणि ती पुसायला घेतली. शेठांनी काच पुसली की ती स्वच्छ होत नाही, नाहीशी होते. शेठाणी बुटांचे सात खोके हनुवटीपर्यंत रचून आतून निघाल्या, त्यांना समोर रस्ता दिसला, आणि त्या सरळ रस्त्याच्या दिशेने काचेवर जाऊन आदळल्या. खोके सात दिशांना गेले. नाक एकाच दिशेला गेलं, आत.

शेठ धावत आले, ते आधी काचेकडे. मधलं बोट अंगठ्याला अडकवून त्यांनी काचेला एक टिचकी मारली, कान टेकवला, डोळे मिटले, आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "वाचली."

काच स्त्रीलिंगी आणि शेठाणीही स्त्रीलिंगी. जमिनीवर नाक धरून बसलेल्या मुलीला वाटलं, या परक्या माणसाला आपल्या जिवाची केवढी ही काळजी. या गैरसमजावर पुढे लग्न झालं. गैरसमज पंधरा दिवसांत फिटला, पण तोवर शेठाणींनाच काचेची गोडी लागली होती.

टिचकीशेठ हे नाव पडलं ते या सवयीमुळे. काचेला केसाएवढी चीर गेलेली असली तर ती डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळते. धड काच टण्ण बोलते, चिरलेली थप्प. ही विद्या काचेच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच असते, पण बाकीचे लोक ती काचेपुरती ठेवतात. शेठ कलिंगडाला टिचकी मारतात, दारांना मारतात, डॉक्टरांच्या टेबलाला मारतात, बँकेतल्या खिडकीला मारतात. एकदा पुतणीने लग्नासाठी पसंत केलेल्या मुलाशी बोलता बोलता त्यांनी त्याच्या डोक्याला मारली आणि "पोकळ आहे" असं शेठाणींच्या कानात सांगितलं. तो मुलगा आज मोठा अधिकारी आहे. शेठ आपलं मत बदलायला तयार नाहीत.

दुकान म्हणजे कोपऱ्यावरची एक लांबट खोली. मधे ब्लँकेट ताणून बसवलेलं टेबल, भिंतीला टेकलेल्या काचा, कोपऱ्यात तुकड्यांचं पिंप. शेठ मापं घेतात आणि काच बसवतात. कापतात मात्र शेठाणी. काच कापायचा हिरा रॉकेलमध्ये बुडवून त्या एकच रेघ ओढतात, खालून एक हलका ठोका देतात, आणि काचेचे दोन भाग असे बाजूला होतात की जगात कुठल्या दोन भावांची वाटणी इतकी सरळ झाली नसेल.

आणि काच धरतातही शेठाणीच.

म्हणजे असं, की काच गिऱ्हाइकाकडे न्यायची तर एक भाड्याचा टेंपो होता. मागच्या बाजूला लाकडाची घोडी, तिला रबराच्या पट्ट्या, आणि त्यात काचा उभ्या. कुणीही शहाणा माणूस काच घोडीत ठेवून पुढे जाऊन बसला असता. पण शेठांचं म्हणणं, घोडीला काय कान असतात? वाटेत काच बोलली तर ऐकायचं कुणी? म्हणून बावीस वर्षं शेठाणी मागे बसत, काचेवर तळहात टेकवून, पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड गेलेल्या रस्त्याकडे. त्यांनी सगळं गाव उलटं पाहिलं. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, सगळं त्यांना आधी मोठं दिसे आणि मग लहान होत जाई. गाडी कुठे चालली आहे हे त्यांना पोचल्यावर कळे.

तक्रार अशी त्यांनी कधी केली नाही. फक्त एखाद्या लांबच्या फेरीनंतर केसांतली धूळ झाडत त्या विचारत, "अहो, पुढून कसं दिसतं?"

शेठ प्रामाणिकपणे विचार करत आणि सांगत, "तसंच. फक्त येतं."

मग टेंपोवाल्याचे गुडघे गेले. तसे ते आठ वर्षांपूर्वीच गेले होते आणि तेव्हापासून टेंपो शेठच चालवत. टेंपोवाला शेजारी बसून हवेत ब्रेक मारत असे. आता त्याने टेंपो विकला आणि तो लेकीकडे राहायला गेला. नेमकं त्याच महिन्यात टेकडीवरच्या नव्या वाचनालयाचं काम शेठांना मिळालं. चाळीस खिडक्या, प्रत्येक काच सहा बाय चार, आणि वर जायचा रस्ता अर्ध्या तासाचा, एकेका वळणाला चालणाऱ्याचीही छाती भरून यावी असा. स्वतःची गाडी घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पिकअप घ्यायची हे एका जेवणात ठरलं. पांढरी घ्यायची हे हात धुवेपर्यंत ठरलं. राहता राहिलं इंजिन, डिझेलचं की गॅसचं, आणि त्यावर पुढचे सव्वीस दिवस त्या कोपऱ्यावर दुसरं काही बोललं गेलं नाही.

डिझेलच्या बाजूने उभा होता शेठाणींचा धाकटा भाऊ. तो डिझेल मिस्त्री. म्हणजे नुसता दुरुस्त करणारा नव्हे, भक्त. त्याच्या मते जगात वाहनांचे दोनच प्रकार होते, डिझेल आणि खेळणी. तो दुपारी बहिणीकडे जेवायला येई, घास हातात धरून इंजिनाची ताकद समजावून सांगे, आणि घास तोंडात गेला की उरलेलं हातवाऱ्यांनी पुरं करी.

"भाऊजी, डिझेल म्हणजे हत्ती," तो म्हणे. "उठायला वेळ घेईल, पण उठला की डोंगर पायाखाली घालेल. गॅसची गाडी म्हणजे शेळी. सपाटीला उड्या मारेल, आणि चढ आला की मान वळवून तुमच्याकडेच बघत बसेल."

गॅसच्या बाजूने होता कोपऱ्यावरचा रिक्षावाला. त्याची रिक्षा गॅसवर चाले आणि ती चालू आहे की बंद हे त्याला उतरून बघावं लागे, असं तो अभिमानाने सांगे. मिस्त्रीचा हत्ती त्याने एका वाक्यात लोळवला. "हत्ती उभा असला तरी डुलतो, मिस्त्री. शेठ काच न्यायला चाललेत, पीठ चाळायला नाही."

बघता बघता सगळा कोपरा दुभंगला. शिंपी डिझेलचा झाला, न्हावी गॅसचा. डिझेलवाल्या गिऱ्हाइकाची न्हावी अर्धीच दाढी करायचा आणि आधी कबूल करा म्हणायचा. गॅस भरायला किती वेळ रांगेत उभं राहावं लागतं, डिझेल इंजिन किती लाख किलोमीटर जातं, याचे आकडे लोक एकमेकांच्या तोंडावर फेकू लागले. त्यांपैकी निम्म्यांकडे सायकलही नव्हती. शेठांनी दुकानातल्या सर्वांत मोठ्या आरशावर काचेच्या पेन्सिलीने उभी रेघ मारून दोन रकाने केले, डावीकडे डिझेल, उजवीकडे गॅस. येणाऱ्याजाणाऱ्याने आपापला मुद्दा लिहावा. दोन दिवसांत आरसा इतका भरला की त्यात तोंड पाहणाऱ्याच्या कपाळावर "ताकद" आणि हनुवटीवर "रांग" दिसायचं.

शेठ स्वतः दोन्हींकडून होते. सकाळी ते डिझेलवर फिदा असत, संध्याकाळी गॅसवर. एवढा आनंद त्यांना लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता, असं शेठाणी म्हणत. पण तेव्हा शेठांपुढे निवडायला एकच स्थळ होतं.

शेठाणींना स्वतःला या वादात रस नव्हता. गाडी म्हणजे गाडी, आपली बाजू मागची. पण एका दुपारी जेवताना शेठ सहज बोलून गेले. "मी काय म्हणतो, गाडी थरथरलीच नाही, तर काच घोडीत आपली आपण गप्प राहील. मग मागे माणूस कशाला पाहिजे?"

"आणि मी?" शेठाणींनी विचारलं.

"तू काय, पुढे बस," शेठ म्हणाले आणि त्यांनी मीठ मागितलं.

शेठाणींनी मिठाऐवजी साखर दिली. शेठांनी ती भाजीवर घालून खाल्ली आणि त्यांना काही कळलं नाही, कारण ते तेव्हा मनाने चौथ्या गिअरमध्ये होते. इकडे शेठाणींच्या छातीत असं काही धडधडायला लागलं होतं की ते डिझेल होतं म्हणायला हरकत नाही. पुढे बसायचं. रस्ता येताना बघायचा. वळण यायच्या आधी वळण दिसणार. दुकानांच्या पाट्या उलट्या क्रमाने न येता सरळ येणार. बावीस वर्षांत त्यांनी हे कधी मागितलं नव्हतं, कारण ते मागण्यासारखं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता ते मधे अडकलं होतं एका इंजिनात.

त्या दिवसापासून शेठाणी गॅसच्या झाल्या, पण गुप्तपणे. सख्खा भाऊ डिझेलसाठी रक्त आटवत असताना बहिणीने उघड पलीकडे जायचं कसं? मग त्या रोज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, शेठ झाडू मारेपर्यंत, डाव्या हाताने आरशावर एकेक शब्द लिहू लागल्या. "शांत." "गुळगुळीत." "झोप लागेल." शेठ चष्मा लावून ते वाचत आणि म्हणत, हा कोण विद्वान आहे, याला गाडीतलं कळतं. मिस्त्रीला संशय न्हाव्याचा होता. त्याने न्हाव्याकडे जाणं बंद केलं आणि दाढी वाढवली.

एवढ्यावर शेठाणी थांबल्या नाहीत. रिक्षावाल्याची रिक्षा चालू उभी होती तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर तळहात टेकवून पाहिला. मग भावाच्या गॅरेजमध्ये त्याला डबा द्यायच्या निमित्ताने गेल्या आणि चालू ठेवलेल्या डिझेल गाडीच्या पत्र्यावर तोच तळहात टेकवला. बावीस वर्षांच्या सवयीचा हात तो. रिक्षाने त्याला फार काही सांगितलं नाही. डिझेल गाडीने कोपरापर्यंत सगळं सांगितलं. त्या खुशीत घरी आल्या. परीक्षा झाली की निकाल उघड होता.

गाडी चालवून बघायचा दिवस रविवारचा ठरला. शोरूम टेकडीच्या पायथ्याशी, त्यामुळे चढही हाताशी होता. शेठ, शेठाणी, मिस्त्री अशी वरात रिक्षातून निघाली, आणि रिक्षावाला अर्थातच नुसता सोडायला आलेला नव्हता. मागे बांधून आणलेली घोडी, आणि शेठाणींच्या मांडीला टेकून चार बाय तीनची एक नवी कोरी काच.

शोरूममधला माणूस टाय लावून उभा होता. त्याने काच बघितली आणि अदबीने म्हणाला, "सर, चालवून बघायला काच आणावी लागत नाही. गाडीला असतात."

 शेठ टिचक्या मारत दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घालत होते. बॉनेट, दारं, टपाचा पत्रा, पुढची काच. टायवाला वहीत काहीतरी लिहीत मागून फिरत होता. एका वळणावर शेठ थांबले, त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यालाही एक मारली आणि ते पुढे गेले.

आधी डिझेल. मिस्त्री चालवायला, शेठ त्याच्या शेजारी मागच्या छोट्या खिडकीला कान लावून, आणि शेठाणी मागे. घोडी हौद्यात घट्ट बांधलेली, काच घोडीत, आणि शेठाणींचा तळहात काचेवर. तो तिथे ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि तो तिथे आहे हे कुणी पाहिलंही नाही. शेठाणींनी स्वतःही पाहिलं नाही. माणूस झोपेत उशी सरळ करतो तसा तो हात आपला आपण तिथे गेला होता.

गाडीने चढ घेतला. खरंच हत्ती. मिस्त्री एका हाताने चालवत होता आणि दुसऱ्या हाताने शेठांच्या गुडघ्यावर थापा मारत होता. वळणं आली, खड्डे आले, वाचनालयाच्या दारात तर मिस्त्रीने मुद्दाम गाडी पाच मिनिटं उभी धडधडत ठेवली. शेठांचा कान खिडकीला चिकटून लाल झाला. काच गप्प.

खाली आल्यावर शेठ उडी मारून उतरले. "हललीसुद्धा नाही," ते म्हणाले.

मग गॅस. तीच काच, तोच चढ, मिस्त्री तोंड कडू करून स्टिअरिंगवर. गाडी सपाटीला खरंच अशी चालली की रिक्षावाल्याचे डोळे भरून आले. चढाला मात्र ती तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि शेवटच्या वळणाला तर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत त्यांना ओलांडून गेले. मिस्त्रीने खिडकीतून त्यांना नमस्कार केला. काच याही वेळी गप्प.

आता गणित सरळ झालं. थरथर दोन्हींत सारखीच, म्हणजे अजिबात नाही. आणि चढाला डिझेल शेरास सव्वाशेर. शेठांनी जाहीर केलं की डिझेल. मिस्त्रीने टायवाल्याला मिठी मारली. रिक्षावाला आपल्या रिक्षात जाऊन बसला आणि मीटरकडे बघत राहिला.

शेठाणी मागून उतरल्या नव्हत्या. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. उजवा हात कोपरापर्यंत मुंग्यांनी भरला होता. गॅसच्या गाडीत मुंग्या वाढल्या नव्हत्या, पण डिझेलमधल्या अजून उतरल्याही नव्हत्या. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. डिझेल गाडी थरथरत होती, चांगली गदगदत होती. फक्त ती थरथर काचेपर्यंत पोचत नव्हती. वाटेत त्या बसल्या होत्या. जी परीक्षा जिंकून त्या पुढच्या सीटवर जाणार होत्या, ती परीक्षा त्यांनी स्वतःच्या हाताने डिझेलला जिंकून दिली होती, आणि आता जन्मभर मागे बसायचं होतं.

टायवाला कागद घेऊन आला. शेठांनी खिशातलं पेन काढलं, सवयीने त्यालाही एक टिचकी मारली, आणि सही करायला वाकले.

"थांबा," शेठाणी म्हणाल्या. "आता तुम्ही धरा."

शेठांना आधी वाटलं, पेन धरा. मग वाटलं, कागद. बायको काचेकडे बोट दाखवते आहे हे कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळल्यावर ते हसले. काच धरायला काय लागतं? मिस्त्री म्हणाला, ताई, झालं की सगळं, आता कशाला. पण शेठाणी तोवर मागून उतरून, पुढचं दार उघडून, डिझेल गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच शेठांना बायकोचा चेहरा पुढच्या काचेतून दिसला, आणि घोडी नि काच परत डिझेल गाडीत चढवून ते मागे चढले.

वर टेकडीवर जायचं नाही, नुसतं बाजाराला वळसा घालून यायचं ठरलं. मिस्त्रीने गाडी काढली. शेठाणी दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. खिडकी पूर्ण उघडी. आणि रस्ता यायला लागला. पाण्याची टाकी लहान होती ती मोठी झाली. शाळा आली. माणसं आधी दिसत आणि मग जवळ येत. काहींनी हात केला तर उलट हात करायला वेळ मिळे. नाहीतर शेठाणींनी आजवर हात केलेली माणसं हात दिसेपर्यंत मुंगीएवढी झालेली असत. चार मिनिटांचा तो फेरा. शेठाणी भावाला म्हणाल्या, "अरे, ते येतंय बघ." काय येतंय, असं मिस्त्रीने विचारलं. "सगळंच," त्या म्हणाल्या.

मागे शेठांची वेगळीच गत होती. काच हलू नये म्हणून त्यांनी ती घट्ट धरली. घट्ट धरलेली काच जास्त थरथरते, हात सैल ठेवून गुडघ्यांनी झेलायचं असतं, पण हे शेठाणींच्या गुडघ्यांना माहीत होतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या खड्ड्याला काच गुणगुणली. दुसऱ्याला तिने सूर लावला. शेठांनी तिला कवेत घेतलं. मग चौकात लाल दिवा लागला, गाडी जागच्या जागी धडधडत उभी राहिली, आणि काच मोठ्याने गाऊ लागली. सिग्नलवरचे सगळे लोक वळून बघायला लागले. एक इसम काचेला मिठी मारून डोळे मिटून बसला आहे आणि काच किंचाळते आहे, असं दृश्य त्या चौकाने पूर्वी पाहिलं नव्हतं.

गाडी शोरूमच्या दारात परत आली तेव्हा शेठांच्या हातात काचेचा अर्धा भाग होता. बाकीचा पायाशी. त्यांनी उरलेल्या अर्ध्या भागाला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "गेली."

टायवाला घाबरून पुढच्या सीटकडे धावला. शेठाणी तिथे ठणठणीत बसल्या होत्या.

शेठ हौद्यातच बसून होते. मिस्त्रीने समजावलं की घोडी नीट बांधली नव्हती, रबर जुनं आहे, चौकातला दिवा फार लांबतो. शेठांचं लक्ष नव्हतं. ते आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघत होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "बावीस वर्षं मला वाटत होतं, या गावातले रस्ते चांगले आहेत."

 शेठाणींनी पिशवीतून फडकं काढून दिलं आणि पायाशी पडलेले तुकडे कसे उचलायचे ते दाखवलं.

त्यानंतर शेठांनी ती उरलेली अर्धी काच घेऊन गॅसच्या गाडीत तोच फेरा मारला, आणि तिथे मात्र ती त्यांच्या हातातसुद्धा गप्प बसली. चौकात दिवा लाल होता. काच एकदा किंचित हुं म्हणाली आणि थांबली. मिस्त्रीने प्रामाणिकपणे कबूल केलं की शेळी शांत आहे. पण चढाचं काय? चाळीस काचा, भाऊजी, सहा बाय चार.

"चार फेऱ्यांऐवजी आठ करू," शेठ म्हणाले. "पहिल्या गिअरमध्ये जाऊ. नाहीच चढली तर मी उतरून ढकलतो. पण ती पुढे बसेल." आणि या वेळी ती म्हणजे कोण, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. टायवाल्याने कागद बदलला, रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, न्हाव्याने दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची वाढलेली दाढी फुकट केली आणि करताना एक शब्द बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

गाडी तीन आठवड्यांनी आली. पांढरी, गॅसची. सगळा कोपरा तिच्याभोवती जमला. शिंप्याने पुढच्या सीटला फुकटात अभ्रा शिवून दिला, मापाला शेठाणींना दोनदा बसवून. वाचनालयाच्या पहिल्या फेरीच्या दिवशी शेठाणींनी ठेवणीतले कपडे घातले आणि केस बांधले नाहीत, कारण आता धूळ लागायची नव्हती. काचा घोडीत उभ्या राहिल्या, मागे कुणी चढलं नाही, शेठांनी एकदा मागे बघितलं, मन घट्ट केलं आणि किल्ली फिरवली. कोपऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठाणींनी हात केला, आणि सगळ्यांना तो वेळेवर दिसला.

टेकडीच्या तिसऱ्या वळणाला शेठाणींनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून रस्त्याच्या कडेला गेल्या. पाचव्या वळणाला पुन्हा. सातव्याला शेठ न सांगताच थांबले. काचा सगळ्या धड पोचल्या. परतीच्या वाटेवर खिडकी पूर्ण उघडी ठेवून पाहिली, दुसऱ्या फेरीला रिकाम्या पोटी पाहिलं, तिसऱ्या फेरीला भरल्या पोटी, चौथ्या फेरीला डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन आणि डोळे मिटून पाहिलं. डोळे मिटल्यावर जरा बरं वाटलं, पण मग रस्ता दिसत नव्हता. डॉक्टर म्हणाले, काही लोकांना बंद केबिनमध्ये बसलं की गाडी लागते, त्याला इलाज नाही.

शेठाणी आता मागे बसतात. काच धरत नाहीत, धरायची गरज नसते. पुढच्या सीटवर पुट्टीचे डबे असतात.